मात झाल्याशिवाय उठायचं नाही

पद्या, तुझ्या शोकसभेत मी लोकांना हसवलं.

रागावू नको. आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी माइक हातात देता देता कानात सांगितलं, "दिलीपराव, माहौल फार भारी होऊन राहिला, दोन-चार किस्से होऊन जाऊ द्या." आपल्या नात्यात लग्न असो, बारसं असो की तेरवी, आचारी, मंडपवाला आणि दिल्या यांना निरोप एकदमच जातो. आचारी निदान पोटभर जेवून जातो. मी लोकांना हसवतो आणि मग चपलांच्या ढिगात माझी दुसरी चप्पल शोधत बसतो.

मी शालींचा किस्सा सांगितला. तू ग्रँडमास्टर झालास तेव्हा राज्य नवं नवं होतं. रायपूर राजधानी झालं होतं, आणि राजधानीला सत्कार करायला माणसं कमी पडत होती. तू आयता सापडलास. मे महिन्यात, डांबराला चप्पल चिकटते अशा दुपारी, कोणी ना कोणी तुला लोकरीची शाल पांघरायचं आणि तू घामानं निथळत "धन्यवाद, धन्यवाद" म्हणायचास. घरात शाली मावेनात तेव्हा मामी, म्हणजे तुझी आई, एक गठ्ठा घेऊन पंडरीच्या बाजारात गेल्या. दुकानदारानं घडी उलगडली आणि म्हणाला, "माताजी, ये तो हमारे यहाँ से ही गई है." मग मामींनी एक शाल कोणाच्या तरी लग्नात आहेरात दिली. आणि पुढच्याच सत्कारात तीच शाल तुझ्या खांद्यावर परत आली. हळदीच्या डागावरून मामींनी ओळखली. भर सभेत ओरडल्या, "अगोबाई, आली का घरी!"

सभा हसली. वहिनी पण हसल्या, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, चला, जमलं. तेवढ्यात सेक्रेटरी उठले आणि निव्वळ सवयीनं त्यांनी तुझ्या फोटोला शाल पांघरली. काचेवरून ती घसरायला लागली तशी टाचणीनं फुलांना अडकवली. फोटोपुढे नारळ ठेवला. मी खुर्चीत बसून त्या शालीवर हळदीचा डाग शोधत होतो.

मग भाषणं. पद्या, प्रत्येकानं एकच शब्द वापरला. खिलाडूवृत्ती. पद्माकरजींची खिलाडूवृत्ती, खेल भावना, स्पोर्ट्समनशिप. ज्या पुढाऱ्यानं कधी काळी तुझ्यासाठी अकादमी जाहीर केली होती त्यानंही वापरला. त्या अकादमीची पाटी मी रोज बघतो. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत जायच्या त्या रुंद रस्त्यावर आमच्या ऑफिसची बस तिच्या शेजारून जाते. 'शतरंज अकादमी, प्रस्तावित स्थल.' पाटीवर राजा रंगवला होता. उन्हापावसानं राजा पुसला, मुकुट तेवढा राहिला, आणि खांबाला म्हशी पाठ घासतात. सभेत ते गृहस्थ म्हणाले, अकादमीला आता पद्माकरजींचंच नाव देऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आपल्या लोकांना माइक दिसला की राहवत नाही.

त्या शब्दानं माझं डोकं उठलं होतं. कारण तुझी ती खिलाडूवृत्ती मला माहीत आहे. तुला जगवायला मी एक डाव मांडला होता आणि तू तो जिंकलास. हा किस्सा मी सभेत सांगितला नाही. तो तुलाच सांगतो. तुला माहीत आहे, तरी सांगतो. आपलं भांडण मिटायचं राहिलं आहे.

पण मामांपासून सुरुवात केल्याशिवाय माझं काही सुरू होत नाही, तुला ठाऊकच आहे.

तुझे बाबा, माझे मामा, रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क. तात्यापाऱ्यात भांड्यांच्या दुकानामागं तुमच्या दोन खोल्या. मामांचा खेळ देशी. प्यादं एकच घर चालणार, राजाला एकदा घोड्यासारखी उडी, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे डाव मधे सोडायचा नाही. वजीर गेला, हत्ती गेले, एकटा राजा कोपऱ्यात उघडा पडला तरी खेळायचं. मी शाळकरी पोट्टा, घरी जायची घाई, म्हणायचो, "मामा, हरलो ना मी." मामा चष्म्यावरून पाहत. "कोठं हरला? मात झाली का? राजा मरेपर्यंत लढते अन् तू काहून उठून राहिला बे?" आतून मामी ओरडायच्या, "अहो, भात थंडा होऊन राहिला!" मामा म्हणायचे, "होऊ दे. मात झाल्याशिवाय उठाचं नाही." त्या घरात मी गरम भात खाल्ल्याचं मला आठवत नाही.

त्याच नियमात तू वाढलास. आणि तोच नियम घेऊन पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेला कोलकात्याला गेलास. समोर एक म्हातारे, नामी खेळाडू. तुझा डाव लवकरच गेला होता. तू मामांचा मुलगा, तू कशाला सोडतोस? एकेक प्यादं लढवत, एकट्या राजाला घेऊन पटभर फिरत बसलास. बाकीचे बोर्ड उठले, दिवे लागले, त्यांनी शांतपणे तुला मात दिली. उठताना म्हणाले, "बेटा, इतनी देर तुमने हमको बेवकूफ समझा."

हे तू परत येऊन मला गोल बाजारात सांगितलंस, चणे खात. चेहरा उतरला होता. "दिल्या, मले माहीतच नव्हतं बे. सोडला नाही तर त्यांचा अपमान होते."

झालं. त्या दिवसापासून तुझं दुसरं टोक सुरू झालं. डाव गेला असं वाटलं की तू घड्याळ थांबवून हात पुढे करायचास. हरलेल्यानं आधी हात पुढे करायचा असतो, ही बुद्धिबळाची रीत. तुझा हात जरा लवकरच पुढे यायचा. तू पुढे इतका खेळलास, देशोदेशी गेलास, थंडीच्या शहरांत मामांचं मफलर घालून बसलास, ग्रँडमास्टर झालास. पण तू किती डाव अर्धा श्वास आधी सोडलेस ते देवाला माहीत. मामांच्या हे कधीच गळी उतरलं नाही. पेपरात तुझ्या विजयाची बातमी वाचून सुद्धा म्हणायचे, "ते ठीक आहे. पण काल जो सोडला त्यात घोडा जिता होता."

आणि मग तो डाव. भारताच्या संघात जागा मिळणार होती. शेवटची फेरी, फक्त बरोबरी पुरे होती. समोरच्याचं प्यादं वजीर होणार असं तुला दिसलं आणि तू हात पुढे केलास. समोरचा चकित. हात मिळाले, सह्या झाल्या, आणि मागे उभा असलेला कोणी एक प्रशिक्षक हळूच म्हणाला, "सर, घोड़े की शह थी न?" होती. एक शह, राजा हलला असता, आणि घोडा त्या प्याद्यापुढे येऊन बसला असता. बरोबरी. समोरच्याचा चेहरा पडला म्हणे. तो बिचारा पंचांकडे जाऊन काही बोलणार होता. तू त्याच्या पाठीवर हात ठेवलास. "हाथ मिला लिया तो मिला लिया."

इकडे मंडळानं तुझ्यासाठी शाल आणून ठेवली होती. ती पाककला स्पर्धेतल्या पहिल्या बाईंना दिली. पेपरात आलं की ग्रँडमास्टरला न हरलेला डाव कळला नाही. आणि त्याच वर्षी तुला खिलाडूवृत्तीची ढाल मिळाली, चांदीच्या रंगाची, परातीएवढी. मामी तिच्यात तांदूळ निवडायच्या. "कामाची तरी आहे," म्हणायच्या.

मी तेव्हा तुझ्यावर फार चिडलो होतो. स्टेशनवरून तुला स्कूटरवर आणताना सगळ्या रस्त्यानं बडबडत होतो. "एवढी घाई काय होती बे? पाच मिनिटं बसला असता तर तुझं काय जात होतं?" तात्यापारा चौकात उतरलास आणि म्हणालास, "मले हरलेला दिसला, मी सोडला. दिसलं नाही हे माझं चुकलं. सोडलं ते चुकलं नाही." मी म्हटलं, "हे वाक्य फ्रेम करून लाव घरी." तू खरंच हसलास. मग सत्कार हळूहळू बंद झाले. तू रेल्वेत नोकरी करत राहिलास, संध्याकाळी मुलांना शिकवत राहिलास, आणि कोणाबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाहीस. तो तुझ्या वाटचा मी बोललो. अजून बोलून राहिलो.

आता माझं सांगतो. मी तुझ्याकडून जन्मभर हरलो. शाळेत हरलो, कॉलेजात हरलो, माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी हरलो. सुट्टीच्या दिवशी माझी बायको विचारायची, "कुठं चालले?" मी म्हणायचो, "हरायला." तू मला कधी एक डाव दिला नाहीस. लोक आपल्या लेकरांना जिंकू देतात, साहेबाला जिंकू देतात, सासऱ्याला तर हमखास. एकदा मी म्हटलं, "पद्या, घोडा काढून खेळ ना, जरा माझ्याही मनाला बरं वाटंल." तू म्हणालास, "मंग मी तुझ्याशी खेळून राहिलो असं कसं होईल? जो खोटं खेळते तो समोरच्याले खेळाडू मानतच नाही." एवढा मोठा माणूस मला खेळाडू मानतो म्हणून मी घरी येईपर्यंत फुगलेला राहायचो. हरण्यात सुद्धा मान असतो हे मला पटवणारा तूच. किती मूर्ख बनवलंस मला. आणि किती सुखाचा मूर्ख होतो मी.

मग तुझा आजार आला. रक्ताचा. औषधांच्या पहिल्या फेरीनं तुझे केस गेले, वजन गेलं, त्याची तू थट्टा केलीस. "आता शाल खरंच लागून राहिली," म्हणालास. पण एक गोष्ट गेली तिची थट्टा तुला जमली नाही. लहानपणापासून तू डोळे मिटलेस की तुला पट दिसायचा, सगळ्या सोंगट्या जिथल्या तिथं. बसमध्ये बसून, जेवता जेवता, तेरवीच्या पंगतीत सुद्धा तू डोक्यात खेळायचास. औषधानं तो पट पुसला. तू मला एका दुपारी सांगितलंस, "दिल्या, डोळे मिटतो तर धुकं दिसते. घोडा ठेवतो, तो राहत नाही." ते सांगताना तू छताकडे पाहत होतास. मी काहीतरी विनोद केला. कोणता ते आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

औषध थांबल्यावर काही दिवसांनी पट परत आला. तू किती खूश होतास! लेकीला, रेवाला, बोलावून म्हणालास, "आ गया, पूरा आ गया." आणि डॉक्टर म्हणाले, दुसरी फेरी घ्यावी लागेल. आशा कमी आहे, पण आहे. तू म्हणालास, नाही.

सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी वहिनी माझ्या घरी आल्या. त्या कधी येत नाहीत, आल्या तर पेढे घेऊन येतात. रिकाम्या हातानं आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. "भाऊजी, तुमचं ऐकतीन ते. तुमच्याशिवाय कोणाशी तासभर बोलत नाहीत. सांगा ना त्याइले. जितका वेळ मिळते तितका तरी मिळू द्या आमाले." मागून रेवा म्हणाली, "काका, पापा फिर से जल्दी रिज़ाइन कर रहे हैं. आप ही बोलो." तिनं 'फिर से' म्हटलं, पद्या. ती त्या डावाच्या वेळी पाळण्यात होती. तरी तिला माहीत होतं.

मी ऑफिसातून सुटून तुझ्याकडे आलो. खिडकीतून ऊन येत होतं, तू उशीला टेकून बसला होतास, रेवाचा तो छोटा चुंबकाचा पट मांडीवर. मी रस्त्यानं भाषण तयार केलं होतं. मला भाषणाचा काय तोटा? पण तुला पाहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"एक डाव खेळू," मी म्हटलं. "मी जिंकलो तर तू औषध घ्यायचं."

तू माझ्याकडे पाहिलंस. "तू? जिंकणार?"

"काहून? चमत्कार होत नाहीत का? या शहरात अकादमीची पाटी लागली होती."

तू पोट धरून हसलास. मग खोकलास. मग म्हणालास, "अन् हरला तर?"

"तर मी पुन्हा या विषयावर तोंड उघडणार नाही."

"तुझं तोंड बंद होणार असंल तर तुझी बायकोच पेढे वाटंल तुझ्या घरी," तू म्हणालास, आणि सोंगट्या लावायला लागलास.

आपण दोघं बेवकूफ नव्हतो. मी जिंकणार नाही हे मला माहीत होतं, तुला माहीत होतं, तुझ्या उशाशी टांगलेल्या सलाइनच्या बाटलीला सुद्धा माहीत असेल. मी तुला डाव मागत नव्हतो. मी तुला एक सोय करून दिली होती. 'मले जगायचं आहे' हे तोंडानं म्हणायला तुला जड जात असेल तर बोलू नको, नुसती एक चाल चुकव. जन्मभर जे केलं नाहीस ते एकदा कर. इतके डाव तू वेळेआधी सोडलेस, परक्या माणसांना सोडलेस. एक मला सोड.

तू सुरुवातीची चाल केलीस आणि मी पाहत राहिलो. तुझी बोटं बारीक झाली होती, पण सोंगटी उचलायची ढब तीच. दोन बोटांत धरून, जरा फिरवून, घराच्या मधोमध. हळूहळू तू आजारी दिसेनासा झालास. पाठ सरळ झाली. ओठ पुटपुटायला लागले. मी एक प्यादं पुढे केलं तर तू पूर्वीसारखाच म्हणालास, "हे काहून चाललास? बिचाऱ्याचं घरी कोणी नाही का?" मी म्हटलं, "तुले काय करायचं, तू तुझी चाल चाल." वहिनी दारातून डोकावल्या, आपण भांडतो आहोत हे पाहून निर्धास्त होऊन गेल्या. त्यांना वाटलं, काम होऊन राहिलं.

मधे कुठंतरी माझा उंट गेला. मग मी ते केलं जे मी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी बरोबरी मागितली.

"ड्रॉ?"

तू पटावरून मान वर केलीस. तुला कळलं होतं मी काय मागतो आहे. बरोबरी म्हणजे काय झालं असतं? थोडं औषध, थोडं भांडण, काहीतरी मधलं. तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस, इतका की मी आशेला लागलो. खरंच सांगतो पद्या, तेवढ्यात मी मनातल्या मनात वहिनींना फोन पण करून टाकला होता.

तू म्हणालास, "तुझी पोझिशन पाह्य आधी."

एवढंच. मग तू पुढे खेळलास. आणि तू जो खेळलास तो डाव, मी काही जाणकार नाही, पण इतकी वर्षं हरून हरून एवढं कळतं, सुंदर होता. माझ्या प्रत्येक वाटेवर तू आधीच येऊन बसला होतास. मला सोडता आलं असतं. तुझ्या नियमाप्रमाणे तर मी केव्हाच हात पुढे करायला हवा होता. मी नाही केला. मी मामांच्या नियमानं खेळत होतो. एक हत्ती, मग एक प्यादं, मग एकटा राजा. तुला वेळ देत होतो. अजून चुकव, अजून चुकव. तू एकदाही चुकवलं नाहीस. आणि एकदाही म्हणाला नाहीस की दिल्या, सोड आता. उलट माझ्या राजानं एकेक घर मागे सरावं आणि तू डोळे मिटून पुढचं पाहावं. तू डोळे मिटत होतास! पट समोर असताना! तुला समोरचा पट नको होता, तुला आतला पाहायचा होता. तो तिथं आहे, सगळा आहे, घोडा ठेवला तर राहतो आहे, हे पुन्हा पुन्हा पाहत होतास. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते सुख होतं, आणि मला त्या सुखाचा इतका राग आला की पट भिंतीवर फेकावासा वाटला.

मग तू हत्ती खाली आणलास आणि हळू म्हणालास, "मात."

जो डाव खेळायला हवा होता तो तू सोडलास, आणि जो सोडायला हवा होता तो मात होईपर्यंत खेळलास. ही तुझी खिलाडूवृत्ती. आणा रे कोणी शाल.

मला हे समजत नाही असं नाही. ज्या औषधानं तुझा पट पुसला ते पुन्हा घेऊन तू कोणता पद्या म्हणून जगला असतास, हा प्रश्न मलाही पडतो. तू मला खरा डाव दिलास, शेवटपर्यंत खेळाडू मानलंस, हेही कळतं. कळतं म्हणून काय झालं? वहिनींना मी काय सांगू? की तुमचे यजमान माझा मान राखत होते? त्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा त्या दारात डबा घेऊन उभ्या होत्या. मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "हव, बरं." बस, एवढंच. आणि डब्याचं झाकण नीट बसलेलं असताना पुन्हा दाबून बसवत राहिल्या. तुला मात देताना हे दिसलं होतं का? तुला तर पुढच्या इतक्या चाली दिसायच्या.

पण मी बाहेर येण्याआधीचं राहिलं.

मात झाली, आणि तू वाट पाहत होतास. हरलेल्यानं आधी हात पुढे करायचा. मी केला नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शाळेत मास्तर छडी काढायचे तेव्हा बसायचो तसा. तू पटाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. तुझा हात चादरीवर उघडा पडला होता. मी पटाकडे बघत राहिलो, जशी काही तिथं अजून एक चाल आहे.

तेवढ्यात रेवा आली. तिला आईनं सगळं सांगितलं असणार, दारातच थांबली. "क्या हुआ? कौन जीता, पापा?"

राजा कोपऱ्यात होता. खाली हत्ती, बाजूला वजीर. तिसरीतल्या लेकरालाही कळलं असतं. आणि तू, ज्यानं पटावर कधी खोटी चाल केली नाहीस, हात मिळाला तो मिळाला म्हणून देशाच्या संघातली जागा सोडलीस, तू मुलीकडे पाहून म्हणालास, "अभी खत्म नहीं हुआ बेटा. तेरे काका सोच रहे हैं."

ती "अच्छा" म्हणून तिथंच पायथ्याशी बसली. आणि आपण तिघंही बसून राहिलो, ऊन भिंतीवरून नाहीसं होईपर्यंत. तू मला घाई केली नाहीस.

हात मी तेव्हाही पुढे केला नाही, पद्या. नंतर संधी आली नाही. सभेत लोक एकेक करून तुझ्या फोटोला नमस्कार करून उठले. मी खुर्चीतच बसलो होतो. सेक्रेटरी येऊन म्हणाले, "चला दिलीपराव, हॉल बंद करायचा आहे."

मी म्हटलं, जरा थांबा. मी विचार करून राहिलो.